थोरली एडा, धाकटी एडा

सून म्हणून जॅनेट तशी वाईट नव्हती. पण रविवारी सगळे जेवायला बसलेले, खाऱ्या पुडिंगवर अजून रस्साही पडला नव्हता, तेवढ्यात तिने सासूच्या आईला मारून टाकलं. ही काय रीत झाली?

"एडा स्टॅनिफर्थ, वय दोन वर्षं, गोवराने गेली, १९०१," जॅनेटने वहीतून वाचलं. "दफनाच्या नोंदीत स्वच्छ लिहिलंय, आई. म्हणजे तुमची आई इझेकिएलची मुलगी नव्हेच, बाहेरून आणून वाढवलेली. वंशावळीत मी 'दत्तक' लिहिलंय. शनिवारी हा तक्ता वाचनालयाच्या प्रदर्शनात लागतोय."

"माझी आई दोन वर्षांची मेली, तर मला काय धुराड्यातून टाकलं?" थेल्मा म्हणाली.

मुलगा खो खो हसला. सुनेने मात्र वही मिटली.

इझेकिएल म्हणजे शेफील्डचा नावाजलेला, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा. त्याची नात म्हणून थेल्मा उभा जन्म ताठ मानेने जगली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, पुढची चाळीस वर्षं मळ लागू नये म्हणून पायांना तपकिरी कागद गुंडाळून तिने कारखान्यात नवे चमचे घासून चकाकवले, पण मुकादमणीलाही कधी वावगं बोलू दिलं नाही. आता ते रक्तच परकं? आणि तेही गावभर टांगणार? तीन दिवस तिला चहा गोड लागेना.

बुधवारी केस विंचरताना तिला आईचं बोलणं आठवलं. आईही अशीच आरशासमोर म्हणायची, "थोरलीचं उतरलेलं नाव घातलंय मी. मळवायचं नाही." थोरली कोण, हे थेल्माने कधी विचारलंच नव्हतं. हातातला कंगवा तसाच राहिला.

गुरुवारी हॅट घालून ती थेट वाचनालयात गेली. जॅनेट जुन्या नोंदींची फिल्म दाखवणाऱ्या यंत्रापुढे बसली होती.

"बाप्तिस्म्याची नोंद लाव."

"ती मी पाहिलीय, आई. १८९९, एडा. जुळतंय."

"त्याच्या पुढची वर्षं पाहिलीस?"

"एडा सापडल्यावर पुढे कशाला जाऊ?"

"फिरव म्हणते ना!"

जॅनेटने नाइलाजाने चाक फिरवलं. पडद्यावरून पानं सरकत गेली. मार्च १९०२ ला तिचा हात थांबला. एडा. बाप इझेकिएल स्टॅनिफर्थ, धार लावणारा. आईही तीच, गल्लीही तीच.

"पोर गेली की तिचं नाव पुढच्या मुलीला द्यायचे आमच्यात," थेल्मा म्हणाली. "नाव कसं वाया घालवणार?"

"तुमच्या आईचं वय नोंदीपेक्षा तीन वर्षं कमी भरत होतं ना, आई. दफनाची नोंद सापडेपर्यंत मला वाटलं, त्यांनी ती वर्षं चोरली."

"माझ्या आईने सुईसुद्धा चोरली नाही कधी."

जॅनेटने रबर काढलं आणि तक्त्यावरचं 'दत्तक' खोडायला घेतलं. थेल्माने आधी दफनाची ओळ पुन्हा पडद्यावर आणायला लावली. दोन वर्षांची एडा. हिची आठवण ठेवणारं आता कुणीच उरलं नव्हतं. ती ओळ तिने बराच वेळ पाहिली. मग चष्मा पुसून ती सुनेकडे वळली.

"वाचता येतं तुला, जॅनेट, पण दम नाही. एका बाजूने घासलेला चमचा आमच्या मुकादमणीने तोंडावर फेकला असता. शनिवारी दोन्ही एडा लाव. थोरलीला आधी. आणि आता ऊठ, चहा तू पाजणार आहेस."