सोमवारचा कांदा

आमच्या घरात कांदा फक्त शनिवारी संध्याकाळी चिरला जायचा. लसणालाही तेवढीच मुभा. रविवारी दुपारची जेवणं झाली की खिडक्यादारं सताड उघडायची, ओटा गरम पाण्याने घासायचा, आणि सोमवारपासून पुन्हा बिनवासाचा स्वयंपाक. यात देवाधर्माचं काही नव्हतं. माझ्या नवऱ्याची नोकरी नाकावर चालत होती, एवढंच.

ते साबणाच्या कारखान्यात वासाच्या खोलीत कामाला होते. एका वेळी जेवढा साबण शिजतो त्याला घाणा म्हणत. प्रत्येक घाणा हुंगायचा, सुगंधी तेल नीट मुरलंय का, चरबी खवट तर नाही ना, ते सांगायचं. यांनी मान हलवली की मगच वड्या पाडायच्या. कारखान्यात सगळे त्यांना ‘नाकवाले’ म्हणत. आम्ही राहत होतो ते दोन खोल्यांचं घरही कारखान्याचंच होतं, नाकवाल्यांसाठी दिलेलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “सूनबाई, बाकीच्यांचे नवरे जिभेचे लाड करून घेतात. तुला नाकाचे करायचे आहेत.” त्या स्वतः लसणासाठी जीव टाकायच्या. बुधवार उजाडला की त्यांना शनिवारचे वेध लागायचे.

रोज सकाळी हे बुटांच्या नाड्या बांधायला बसले की मी विचारायची, “आज काय करू?” नवा घाणा असला तर, “साधा भात कर, बरोबर उकडलेलं काहीतरी.” वड्या वाळत पडल्या असतील तर, “कर जरा मिरी घालून.” लोकांच्या घरी काय शिजवायचं ते भाजीवाल्याच्या गाडीवर ठरतं, आमच्याकडे साबणावर ठरायचं. वर नावं ठेवणं होतंच. भात हुंगून डब्याच्या झाकणाला गंज चढलाय म्हणून सांगणारा माणूस तो. मी चिडायची, मग झाकण उलटं करून बघायची, तर गंज असायचाच.

त्या वर्षी थंडी सरता सरता त्यांना जबर सर्दी झाली. तापात बरेच दिवस घरी पडून होते. बरे झाले, कामावर जाऊ लागले. आणि एका सोमवारी नाड्या बांधता बांधता म्हणाले, “आज रश्शात कांदा घाल. चांगला भरपूर.”

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

“अहो, आज सोमवार आहे.”

“वार कळतो मला.”

सासूबाई पलंगावरून टुणकन उठल्या. “आलं बाई शहाणपण! लसूणही घाल गं, दोन पाकळ्या.”

“दोन कशाला, मूठभर घाल,” हे म्हणाले आणि वर न बघता निघून गेले.

मी कांदा चिरायला घेतला, पण हात चालेना. नोकरी गेली असेल का? घरात सांगायचा धीर नाही, म्हणून रोज डबा घेऊन निघतात आणि कुठल्या तरी बाकावर दिवस काढतात, असं असेल का? संध्याकाळी ते हातपाय धुवायला गेले तेव्हा मी त्यांच्या शर्टाची कॉलर नाकाला लावून बघितली. साबणाचा वास येत होता, रोजचाच. म्हणजे कारखान्यात जात तर होते. त्याने जिवाला बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

पुढे सगळंच बदलत गेलं. कुरकुरीत काही वाढलं की “कानात आवाज होतो” म्हणून ताट सरकवणारा माणूस तळलेले बटाटे मागू लागला. वर लिंबू पिळ, मिरी घाल, अजून घाल. नावं म्हणून ठेवायचे नाहीत. एकदा भाजी थोडी विटली होती. मी टाकायला काढून ठेवली, तर यांनी येऊन वाडगाभर खाऊन टाकली आणि पेपर वाचायला बसले.

“आई, यांचं काहीतरी बिनसलंय,” मी सासूबाईंना म्हटलं.

“नवरा नावं ठेवत नाही म्हणून झुरणारी तूच बघितली बाई,” त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या. “खातोय ना? मग खाऊ दे.”

मला मात्र काय शिजवायचं हे विचारायचीसुद्धा धास्ती वाटू लागली.

मग तो रविवार आला. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी शेगडीवर दूध ठेवलं, हे स्वयंपाकघराच्या दाराशी ओट्याकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते. “जरा दुधाकडे लक्ष ठेवा,” म्हटलं, आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. शेवटची चादर झटकत होते, तोच करपल्याचा वास आला. गच्चीपर्यंत! मी धावत खाली आले. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलेलं, पातेल्याचा तळ काळा ठिक्कर, आणि हे त्याला पाठ करून पेपराचं पान उलटताहेत.

“अहो, दूध!”

त्यांनी पातेल्याकडे बघितलंच नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. पोर चोरी करताना सापडावं तसे डोळे झाले होते.

मी शेगडी बंद केली आणि तिथेच पाटावर बसले. “कधीपासून?”

“सर्दी उतरली तेव्हापासून.”

“काहीच येत नाही?”

“काहीच नाही. साबण नाही, कांदा नाही, तू नाही.” त्यांनी पेपराची घडी घातली, परत उलगडली. “कांद्याने तरी नाक उघडेल असं वाटलं होतं. खारट, आंबट, तिखट तेवढं कळतं. बाकी सगळा पुठ्ठा. कुरकुरीत असलं की निदान काहीतरी खातोय हे तरी समजतं.”

“आणि घाणे?”

“रंग बघतो. बोटाने दाबतो. मान हलवतो.” त्यांचा आवाज अगदी खाली गेला. “आतापर्यंत निभावलं. उद्या तान्ह्या मुलांच्या साबणाचा घाणा आहे.”

मला एकदम आमचं घर दिसलं. भिंतीवरचं फडताळ, सासूबाईंचा पलंग, मी घासून घासून गुळगुळीत केलेला ओटा. नाक नाही तर हे काहीच नाही. आणि त्याच वेळी कुठल्या तरी घरात बाळाला खवट साबण चोळणारी कुणी आईही दिसली.

“काय करू गं मी?” त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं रोज सकाळी मी विचारायची, त्यांनी उत्तर द्यायचं. पहिल्यांदाच उलट झालं होतं.

“साहेबांना सांगा,” मी म्हटलं. “घाणा हुंगायच्या आधी.”

तेवढ्यात दारातून सासूबाईंचा आवाज आला, “काय गं करपवलंस? पार शेजारी वास येतोय!” मग त्यांनाही सांगावं लागलं. त्या ऐकत ऐकत पलंगावर टेकल्या आणि सोललेला लसूण गुपचूप डब्यात भरून ठेवला.

सोमवारी हे काही न सांगता निघून गेले. मीही विचारलं नाही. आता काय शिजवायचं? नोकरी गमावून येणाऱ्याला काय वाढतात? तांदूळ काढले, परत ठेवले. कुठली भांडी बरोबर न्यायची, कुठली देऊन टाकायची, हे मन आपलं आपणच ठरवत होतं. शेवटी बटाटे पातळ चिरून कुरकुरीत तळले, टोमॅटोचा आंबट रस्सा केला. त्यांच्या कानाला आणि जिभेला जे कळेल ते.

“सूनबाई, बस जरा. फेऱ्या घालून फरशी झिजवशील,” सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचेही डोळे दाराकडेच होते.

हे नेहमीच्या वेळेआधीच आले. बूट काढायला फार वेळ लावला.

“वासाच्या खोलीतून काढलं,” खाली बघतच म्हणाले. “साहेब चिडले. आधी का सांगितलं नाही म्हणून. मग म्हणाले, वड्या पाडायच्या खोलीत जा. घर या वर्षापुरतं राहील. तोवर नाक आलं तर आलं. कारखान्याच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, येईल किंवा येणारही नाही.”

“घाणा?” मी विचारलं.

“दुसऱ्याने हुंगला. चांगला होता.”

“आधी जेवू दे त्याला,” सासूबाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.”

मी वाढलं. त्यांनी बटाटा मोडला, कुर्रकन आवाज झाला. मग रश्शाचा घोट घेतला आणि कपाळाला आठी घातली. ती आठी मी कितीतरी दिवसांत बघितली नव्हती.

“मीठ विसरलीस,” ते म्हणाले. “काय हे! एवढं साधं कळू नये?”

“घ्या, जीभ शाबूत आहे!” सासूबाईंनी मांडीवर थाप मारली.

मी मीठ आणायला उठले, आणि ओट्याशी पाठमोरी जरा जास्तच वेळ उभी राहिले.