सासूबाईंबरोबर चौथ्या मजल्यावर

तिसऱ्या मजल्यावर सासूबाईंनी कठडा धरला, पर्स या हातातून त्या हातात घेतली आणि आपल्या गुडघ्याकडे रागाने पाहिलं.

"तुम्ही लिफ्टने जा ना, आई. मी येतो मागून," जावई म्हणाला.

"आणि वर जाऊन काय सांगू? पेशंट जिन्यात आहे, तोवर मला तपासा?"

त्याला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. शहरातल्या कितीतरी लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. दोनेक महिन्यांपूर्वी, नेहमीचीच तपासणी करताना, दार बंद झालं आणि त्याच्या छातीत अशी धडधड सुरू झाली, की आपण आता जाणार याविषयी त्याला शंकाच उरली नाही. हृदयाच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित आल्या. तरी त्या दिवसापासून त्याने लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. वरची मोटर, वायरिंग अशी बाहेरची कामं तो मागून घ्यायचा, आणि आता साहेबांच्याही ते लक्षात यायला लागलं होतं. शेवटी बायकोने मानसोपचारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतली. ऐन वेळी तिला रजा मिळेना, म्हणून तिने आईला सोबत धाडलं.

सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. लोकांना एकमेकांशी जोडून देणं हे काम त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. दवाखान्याची माहितीही त्यांनी चार ठिकाणांहून काढली होती.

"कोचावर आडवं करतात म्हणे," चढता चढता त्या म्हणाल्या. "मोजे धुतलेले आहेत ना?"

"आहेत."

"आणि लहानपणीचं विचारतात. सगळं आईवर ढकलू नका. विहीणबाईंनी पुष्कळ सोसलंय."

"सासूवर ढकललं तर?"

"वेळ कमी पडेल तुम्हाला."

आत कोच नव्हता. दोन खुर्च्या, एक टेबल आणि खिडकीत कुणीतरी पाणी घालायला विसरलेली कुंडी. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. झोप कशी लागते, जेवण जातं का, चहा किती, पिण्याची सवय आहे का, घरात कुणाला असा त्रास होता का, असं त्यांनी एकेक विचारलं. कामाचा रिपोर्ट द्यावा तशी त्याने उत्तरं दिली.

"आणि त्या दिवशी काय झालं?"

"काही नाही. दार बंद झालं."

पेन खाली ठेवून त्या थांबल्या. त्या पुढचा प्रश्न विचारतील म्हणून तोही थांबला. मग त्याच्या लक्षात आलं, की त्यांना घाई नाहीये.

"तिथे मी एकटाच होतो," तो म्हणाला. "दार हातानेही उघडता येतं, हे मला माहीत आहे. मीच शिकवतो नव्या पोरांना. पण हातच उचलेना. हे कामावर कळलं तर काय तोंड दाखवू मी?" त्याचा आवाज फाटला. डॉक्टरीणबाईंनी कागदी रुमालांचा डबा त्याच्याकडे सरकवला, आणि त्या वाट बघत राहिल्या.

"मला वेड लागतंय का?"

"नाही. याला पॅनिक अॅटॅक म्हणतात. पुष्कळांना येतो. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं."

"म्हणजे अलार्म खोटा आहे."

"धोका खोटा आहे. अलार्म वाजतो तो खराच. म्हणून तर तुम्ही इतके दमलात."

इतक्या दिवसांत आपण दमलोय असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्यालाही ते सुचलं नव्हतं.

"मग आता लिफ्टमध्ये बसवणार मला?"

"मी कशाला बसवू? तुम्ही म्हणाल तेव्हा, आणि झेपेल तेवढंच. आधी काही दिवस नुसतं बोलू. औषध लागेल असं वाटलं, तर ते कशासाठी हे आधी सांगेन. आणि इथलं बोलणं इथेच राहील. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तरच मला ते बाहेर सांगावं लागेल."

तो बाहेर आला तेव्हा सासूबाई रिसेप्शनवरच्या मुलीला कुठलं तरी स्थळ सुचवत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. त्याच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे त्यांनी पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना हे किती जड गेलं असेल, ते त्याला कळलं.

"कोच नव्हता," तो आपणहून म्हणाला.

"बघा. मोजे फुकट गेले."

खाली उतरणं गुडघ्यांना आणखी वाईट. या वेळी त्याने ऐकूनच घेतलं नाही, बटण दाबून त्यांना लिफ्टपाशी उभं केलं. त्या आत गेल्या. दार मिटलं. तो जिना उतरून तिसऱ्या मजल्यावर पोचतो, तोच समोर लिफ्ट थांबली. दार उघडलं. आत सासूबाई, पर्स पोटाशी धरून.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. बघत होते, येताय ना."

दार मिटलं. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा तेच. त्यांनी सगळ्या मजल्यांची बटणं दाबून ठेवली होती. दार मिटेपर्यंत दोघं नुसते एकमेकांकडे बघत राहिले. पुढचा जिना तो जरा भरभर उतरला.

पहिल्या मजल्यावर दार अर्धं उघडून अडखळलं, मग पूर्ण सरकलं.

"घासतंय," तो म्हणाला.

"मला काय कळतंय त्यातलं."

तो वाकला. दाराखालच्या खाचेत त्याने बोट फिरवलं, बोटाला लागलेली माती पाहिली, मग वरची पट्टी दिसावी म्हणून मान तिरकी करून पुढे झाला. त्याचा एक हात दाराच्या कडेवर होता. उजवा पाय आत आला होता.

सासूबाईंनी त्या पायाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. दार उघडं ठेवायचं बटण त्यांनी शोधलं आणि अंगठ्याने घट्ट दाबून धरलं.

"सावकाश बघा," त्या म्हणाल्या. "मला काही घाई नाही."