पालीची साक्ष

ई ऽऽ करू नका, आणि तो झाडूही खाली ठेवा. मी पाल बोलतेय. गोत्रीला मोहनाच्या घरी, बैठकीतल्या ट्यूबलाइटमागे राहते. जन्मभर तुम्ही बोललात आणि मी वरून ऐकलं. आज माझं ऐका, कारण एक गोष्ट मनाला फार खातेय.

माझा जन्म सयाजीगंजातल्या एका हॉस्टेलच्या भिंतीवरचा. तिथून मला पकडून प्रयोगशाळेत नेलं. मोहना आणि तिची मैत्रीण नयना तिथे संशोधन करायच्या. विषय काय, तर म्हणे आमच्या शेपट्या! तोडायची आणि पुन्हा कशी येते ते बघायचं. माझी मोहनानं तोडली. तोडताना "सॉरी हं" म्हणाली. शेपटी आली परत, पण गुळगुळीत, आखूड, आत पहिल्यासारखे मणके नाहीत. असो. माश्या मिळतात.

नयना मात्र भारी डोक्याची. आमच्या जखमा लवकर भराव्यात म्हणून तिनं एका रानपाल्याचा लेप तयार केला. किती वेळा फसला, तरी पोरगी हटली नाही. शेवटी जमला. मी स्वतः लावून घेतलाय, थंडगार वाटायचं.

पुढे मोहनाची फेलोशिप संपली आणि नोकरी काही दिसेना. तेव्हा जिकडेतिकडे पेटंटचंच बोलणं चाललं होतं. तिनं पेटंट एजंटची परीक्षा दिली, पास झाली आणि वकिलांच्या ऑफिसात लागली. नयना रडवेली झाली.

"अगं वेडे, आपलं काम उद्या कुणी पळवलं तर अडवायला आपलं माणूस तिकडे नको का?" मोहना म्हणाली. नयनाला ते पटलं.

निघताना मोहनानं मला मिठाईच्या खोक्यात घालून घरी आणलं. त्या शेपटीचं तिला लागून राहिलं होतं. तिची आई, दुर्गाबाई, कपाळाला हात लावून म्हणाली, "लोक निरोपाला घड्याळ आणतात, आमच्या बाईसाहेबांनी पाल आणली!"

दोन-तीन वर्षं मजेत गेली. मग गजेंद्रभाई यायला लागले. नंदेसरीला त्यांचा औषधांचा कारखाना, आणि मोहनाचे ते पहिले मोठे अशील. त्यांना नवं मलम हवं होतं. मोहनानं नयनाला विचारून तिच्या लेपाची माहिती त्यांना दिली. नयनाची अट एकच, शोध लावणारी म्हणून तिचं नाव लागलं पाहिजे.

पण पेटंटचा अर्ज लिहायची वेळ आली तशी गजेंद्रभाई बशीत चहा ओतत म्हणाले, "मोहनाबेन, संशोधक म्हणून आमच्या पोराचं, ध्रुवचं नाव टाका ने. दीकरो परदेश जायचाय, कामाला येईल."

"भाई, शोध नयनाचा आहे. असं नाही करता येत."

"तो पछी आम्ही दुसरं ऑफिस शोधू," ते हसत म्हणाले.

मोहनानं कागद पुढे ओढला. अर्जात ध्रुवचं नाव गेलं.

चार दिवसांनी नयनाचा फोन आला. "अर्ज गेला ना? माझं नाव आहे ना गं?" तिचा आवाज एवढा खणखणीत की वर मलाही ऐकू आला.

"आहे ना! असणारच," मोहना म्हणाली.

नेमका तेव्हाच माझ्यासमोरून एक गुबगुबीत पतंग निसटला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चुक् चुक् चुक्. दुर्गाबाईंनी लगेच टेबलावर बोटानं टकटक केलं. "कृष्ण कृष्ण! बघ, पाल चुकचुकली. म्हणजे खरंच!"

तिकडे नयना खळखळून हसली. "आपलीच पाल ना ती, काकू? मग प्रश्नच मिटला."

देवाशपथ सांगते, मी पतंगासाठी चुकचुकले होते. पण खोट्याला साक्ष लागली ती माझीच. मोहनानं वर पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागेना, आणि मलाही.

रविवारी नयना पेंडे घेऊन आली. "केम छो काकू!" म्हणत तिनं दुर्गाबाईंना पेंडा भरवला. एक तुकडा स्विचबोर्डवर ठेवून म्हणाली, "हा आपल्या साक्षीदाराला." मोहनाच्या हातावर ठेवायला गेली, तर मोहनानं हात मागे घेतला.

"नयना, तुझं नाव नाहीये त्यात. ध्रुवचं आहे. मी खोटं बोलले."

दुर्गाबाईंनी वर माझ्याकडे पाहिलं. बोट टेबलावर तसंच अडलेलं. आता खरं चुकचुकायला हवं होतं ना? पण मेला आवाजच फुटेना.

नयनानं खोकं टेबलावर ठेवलं. "पालीची शेपटी तोडताना निदान सॉरी म्हणायचीस गं," एवढंच बोलली आणि जिना उतरून गेली.

मोहनानं स्वतः, शोध ध्रुवचा नाही, नयनाचा आहे, असा हक्काचा अर्ज लिहिला आणि तिच्याकडे पाठवला. नयनाची सही होऊन तो परत आला. बरोबर चार शब्दही नव्हते. गजेंद्रभाई गेले, पाठोपाठ मोहनाची नोकरीही गेली. आता ती घरीच, माझ्याच ट्यूबलाइटच्या उजेडात लोकांचे अर्ज लिहीत बसते. जिन्यात पावलं वाजली की दाराकडे बघते. बहुतेक वेळा शेजारचं कुणीतरी असतं.

मी आता थकलेय, पतंगही हाताला लागत नाहीत. स्विचबोर्डवरचा तो तुकडा मुंग्यांनी नेला, मी तोंड लावलं नाही. तुम्हाला हात जोडून एकच सांगणं आहे. कुणी बोलत असताना पाल चुकचुकली, तर टकटक करू नका. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. आम्हाला त्या वेळी फक्त पतंग दिसत असतो.