एकटीचं पान

गणपतीला नैवेद्य दाखवून झाला, मी पानं वाढायला घेतली आणि स्वरदाने बाथरूममधून हाक मारली, "आई, आली गं."

हातातला मोदक परातीत पडला. माझ्या सोळा वर्षांच्या पोरीची पाळी वर्षभर गायब होती. खाणं सोडून सोडून काटकी झाली होती ती. हॉस्पिटल, समुपदेशन, घासाघासाला भांडण, सगळं झालं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, पाळी परत येणं ही चांगली खूण, पण म्हणून जेवणावरची नजर काढू नका, एकटीला जेवू देऊ नका. मी दारातच तिला मिठी मारली आणि रडले. लाज कसली त्यात!

ती मात्र झटकन सावरली. "मी बाजूला बसते. पान आतल्या खोलीत दे. एकटीच जेवते."

मी चमकले. एरवी शिवाशिवीवरून आजीशी कडाकडा भांडणारी ही मुलगी! भांडुपच्या आमच्या घरात सासूबाईंनी गणपतीत हा नियम कधी मोडू दिला नव्हता आणि आज तोच हिला गोड लागत होता. दार लोटलं की पानातलं अन्न कुठे जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिचा आजार हुशार आहे, पण मीही काही दुधखुळी नाही.

कंबर कसून सासूबाईंपुढे उभी राहिले. "आज ती सगळ्यांबरोबर जेवणार. बाप्पाला चालत नसेल तर मी बघून घेईन."

सासूबाईंनी आधी नातीकडे पाहिलं, मग देवाकडे. "बाजूक बसतंय म्हणता मां? बसांदे. पण एकटी नाय. माझा पान थयच वाढ."

"अहो, मग तुम्हाला देवाचं काही करता येणार नाही. संध्याकाळची आरती?"

"झील करतलो," सासूबाईंनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "माका नात व्हयी."

स्वरदाचा चेहरा पडला. "आजी, ही चीटिंग आहे यार!"

"हां, आसा. बस खाली."

मी आतल्या खोलीत दोन पानं समोरासमोर वाढली. सासूबाईंनी मोदक फोडला, तूप सोडलं आणि स्वतःच्या हाताने नातीच्या ओठांशी धरला. जन्मभर सोवळं जपलेली बाई! स्वरदा त्या हाताकडे बघतच राहिली.

रडत रडत खाल्ला तिने. पण खाल्ला, सगळा.