उघड्या कुशीचे मासे

पहाट विरत होती. टांगानिका सरोवराच्या नील, निःशब्द विस्तारावर कोवळं, केशरी ऊन उतरत होतं. वर झळाळ, खाली अथांग अंधार, आणि त्या अंधारातून सावकाश वर येणारं जाळं. जाळं जोहारीच्या दिवंगत नवऱ्याचं. होडीतून ओढणारा तिचा धाकटा दीर मासुदी. ती काठावरून डोळ्यांत तेल घालून बघत होती.

मासे रजतवर्णी होते, पण पुन्हा तेच. कितींच्या तरी कुशीवर खवलं गेलेली, उघडे, फिकट व्रण. असला ओरबाडलेला माल बाजारात कोणी घेईना. नवरा असताना असं कधीच नव्हतं.

मासुदी चांगले मासे होडीतच काढून घेतो, उरलेसुरले आपल्यापुढे टाकतो, असं तिच्या मनाने घेतलं. त्याचं हसणं तिला खोटं वाटे. त्याचं मौन त्याहून खोटं. कुठेतरी पाणी मुरतंय, मुरतंय, असं मन घोकत राहिलं.

"भावजी, जाळं वाटून घेऊ," एका सकाळी ती म्हणाली.

"का, वहिनी?"

"तुमचं तुम्हाला, माझं मला."

त्या काठावर जाळं वाटणं म्हणजे नातं तोडणं. मासुदीने जाळ्यावर सुरी चालवली आणि आपला अर्धा भाग खांद्यावर टाकून तो निघून गेला.

जोहारीने आपलं अर्धं जाळं स्वतः टाकलं, स्वतः ओढलं. मासे आले, आणि त्यांतल्याही कितींच्या तरी कुशी उघड्याच होत्या. या जाळ्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता.

जाळ्यात एक लांबोडा, किडकिडीत मासा होता. असले मासे ती न चिरताच बदकांपुढे टाकायची. त्याचं तोंड किंचित वाकडं, दात आत वळलेले. तिने पहिल्यांदाच त्याचं पोट चिरलं. आत खवलंच खवलं, एकावर एक रचलेली, इतरांच्या कुशीवरून मागून येऊन ओरबाडलेली, शुभ्र, चमचमती चोरी.

ती खवलं तळहातावर घेऊन ती तशीच मासुदीच्या दारी गेली. "भावजी, चोर सापडला."

त्याने तिचा तळहात पाहिला. "मला ठाऊक होता, वहिनी. दादालाही. तो ओरबाडलेले मासे होडीतच वेगळे काढायचा, तुमच्यापर्यंत येऊ द्यायचा नाही. मी म्हटलं, वहिनींपासून काही लपवायचं नाही. सगळेच पुढे टाकले. तुम्ही कधी विचारलंच नाही."

त्याच्या अंगणात अर्धं जाळं पसरलं होतं. दुसऱ्या कोणाच्या जाळ्याला, नव्या गाठींनी, घट्ट जोडलेलं.

जोहारी परतली. वाटेत तिने हात वस्त्राला पुसला, पुन्हा पुसला. खवलं ओली होती, इवली होती, आणि ती निघत नव्हती.