सोफ्यातली बया

सोफे दुरुस्त करणाऱ्या कारागिराने शेवटचा टाका घातला आणि नव्या कापडाच्या आतून म्याऊ ऐकू आलं. मांजरी सोफ्याच्या पोकळीत झोपली होती आणि त्याने तिच्यासकट सोफा शिवून टाकला होता. "ही बया दुकानात पुन्हा दिसली तर तूही घरी बस," असं मालकांनी कालच बजावलं होतं. बाहेर गिऱ्हाईक टेम्पो घेऊन उभं होतं.

तेवढ्यात मालक आत आले. पुन्हा म्याऊ झालं.

"बघतोस काय? उसव!"

"पण मालक, गिऱ्हाईक..."

"थांबेल तो. आणि हळू रे, शेपटीला लागेल तिच्या."

कारागिराने कात्री शोधेपर्यंत मालक गुडघे टेकून सोफ्याला समजावत होते, "आलो हं बाई, आलो."