पायरीवरचा पहिला पाय

आमचे मालक नगरच्या दवाखान्यातून जित्ते घरी आले, तवा आमी गावभर गूळ वाटला. दुष्काळी कामावर पायात टिकाव घुसून त्यांना धनुर्वात झाल्ता. अंधाऱ्या खोलीत, नरड्यात नळी घालून ठेवल्यालं. आमाला आत सोडत नव्हते. तिथं दाराबाहेर बसून सासूबाईंनी भैरोबाला बोलून टाकलं, की माझा मच्छिंद्र वाचू दे, त्याचा पहिला पाय तुझ्याच पायरीवर टेकवीन, तवर भुईला लागू द्यायची न्हाई.

वाचले. पन आमी घरी आलो दिवाळीच्या सुमाराला, आन भैरोबाचा नवस फेडायचा तो जत्रेतच, ती चैत्रात.

निघताना डॉक्टरनी मला बजावलं हुतं, रोज उभं करा, रडले तरी चालवा, न्हाईतर पाय आखडून बसतील. मी घरी तसं सांगितलं. सासूबाई म्हनल्या, वाचवला भैरोबानं, डॉक्टर कोन?

आन माया तरी किती करावी मानसानं! दीर छगन भावजी त्यांना पाठुंगळी घेऊन परसाकडं न्यायचे. चुलतभाऊ खाट उन्हातनं सावलीत हलवायचे. आमी रेशनच्या लाल मिलो जवारीच्या भाकरी खायचो, ह्यांच्या ताटात भात. नावं ठेवावी तरी कुनाला? मालकांच्या पोटऱ्या माझ्या मुठीत मावायला लागल्या. मी तेल चोळायची आन मनातल्या मनात देवाला शिव्या घालायची.

एका दुपारी घरात कुनी नव्हतं. म्हनलं, उठा, मेढीच्या खांबाला धरा. ते खाटेच्या काठावर आले बी. पाय खाली सोडले. भुई वीतभर ऱ्हायली, आन पाय वर घेतले.

"आईनं शब्द दिलाय, मनकर्णे. काय इपरीत झालं म्हंजे?"

मला असा राग आला, की त्या दिशी मी जेवले न्हाई.

जत्रेला छगन भावजींनी त्यांच्यासाठी नवी पायतानं करून आनली, देवळातून चालत येताना घालायला. पायरीपाशी खाट उतरवली. दोघांनी बगलेत धरून उभं केलं, तर गुडघे सरळच होईनात. टाचा वरच, बोटं तेवढी खाली. सासूबाई खाली बसल्या, दोन्ही हातांनी पाय दाबून पायरीला लावला आन म्हनल्या, "टेकला रे देवा." कुनीतरी गुलाल उधळला. धरनाऱ्यांनी हात जरा सैल सोडला, तसे मालक तिथंच खाली बसले.

पुन्हा खाटेवर घालून घरी निघालो. वाटेत त्यांनी मला खुनवलं. मला वाटलं, पानी मागत्यात.

"ती पायतानं छगनला दे," म्हनले. "त्याला मापात बसतील."

पायतानं पदराखाली धरून मी सासूबाईंकडं बघितलं. त्या खाटेचा खूर धरून चालत हुत्या, आन उचलनाऱ्यांना सारख्या सांगत हुत्या, हळू न्या, त्याचा पाय कुठं लागू देऊ नका.